होस्टिंगच्या नव्या सोयी : आपले अनुभव लिहा

धागाकर्ती, इंदूर
नमस्कार. होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळे इंटरनेटवर ठेवण्याच्या, प्लॅटफॉर्मांवर सतत नव्या सुविधा येत असतात. त्यांतल्या कोणत्या सुविधेने आपले काम खरोखर सोपे झाले, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. आरंभ मी करते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे संकेतस्थळ माझ्याकडे आहे. पूर्वी एफटीपीने फाइली थेट सर्व्हरवर चढवल्या जात, त्यामुळे काही बिघडले तर ते आधी लोकांना दिसे आणि मग आम्हाला. आता गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या वेगळ्या ब्रँचमध्ये (शाखेत) बदल पुश केला, म्हणजे पाठवला, की तेवढ्या बदलाची स्वतंत्र प्रिव्ह्यू लिंक तयार होते आणि ती मी कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकते. यंदा आमच्या ज्येष्ठ कार्यवाहांना त्यांच्या जुन्या फोनवर ‘अथर्वशीर्ष’मधला रफार सुटून शेजारी पडलेला दिसला आणि कार्यक्रमपत्रिका प्रसिद्ध होण्याआधीच फॉन्ट बदलता आला. ज्यांचा कोडशी संबंध नाही, त्यांचीही नजर आता वेळेवर फिरते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वडोदरा, दांडिया बाजार
ताई, प्रिव्ह्यूइतकेच मोल मी रोलबॅकला, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परतण्याच्या सोयीला, देईन. नवरात्रीच्या पासांची नोंदणी ऐन भरात असताना नव्या आवृत्तीत पैसे भरण्याचे बटण दाबूनही पुढे काही होईना. आधीची आवृत्ती प्लॅटफॉर्मवर जशीच्या तशी जपलेली होती, त्यामुळे पुन्हा बिल्ड करावे, म्हणजे कोडपासून संकेतस्थळ नव्याने तयार करावे, लागले नाही. येणारी वर्दळ तिच्याकडे वळवली आणि नोंदणी पूर्ववत झाली. मात्र रोलबॅकने कोड मागे जातो, डेटाबेस जात नाही, हे नवख्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. मागे आणलेल्या कोडला डेटाबेसच्या टेबलातला जुना कॉलम लागू शकतो. म्हणूनच तो काढायचा असेल, तर ते काम मी नवा कोड स्थिरावल्यानंतरच्या वेगळ्या डिप्लॉयमेंटमध्ये (नवी आवृत्ती सुरू करताना) करतो.

ग्वाल्हेर
लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची, संकेतस्थळाच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारी 90 दिवसांची प्रमाणपत्रे आपोआप नूतनीकृत होऊ लागल्यापासून आमच्या शिकवणी वर्गाच्या पालकांना ब्राउझरचा ‘असुरक्षित’ हा इशारा दिसलेला नाही. 2029 मध्ये अशा प्रमाणपत्रांची कमाल मुदत 47 दिवसांवर येणार आहे, तेव्हा हे काम हाताने करायला लावणारे होस्टिंग आतापासूनच सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदूर, छावणी
प्रिव्ह्यूबद्दल एक मागणी नोंदवतो. ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला उघडते, आणि ग्राहकाचे जाहीर न झालेले दर त्यात असले तर जीव टांगणीला लागतो. पासवर्ड लावण्याची सोय बहुधा महागड्या योजनेतच मिळते. ती सर्वांत लहान योजनेतही असायला हवी.