मदत हवी आहे: लेकराचा ताप उतरेना, आत्ताच निघू की सकाळपर्यंत थांबू?

मांजराकाठची (रात्री १०:१८)
कुणीतरी लवकर सांगा. पोरीला कालपासून ताप आहे. औषध दिलं की उतरतो, चार-पाच तासांनी परत १०२. दुपारपासून ओकायलीय. सासूबाई म्हणतात दाढा यायल्यात, दाढांच्या वेळी असंच होतं. मीठ-मोहरीनं दृष्टपण काढून झाली. गावातल्या डॉक्टरांना सात वाजता फोन केला होता, ते म्हणाले औषध चालू ठेवा, सकाळी घेऊन या. हे पुण्याला आहेत. रात्रीचं निघायचं तर गाडी सांगावी लागते, सासऱ्यांना उठवावं लागतं, आणि तिथं जाऊन काहीच निघालं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मला एवढंच सांगा, ताप किती झाला की जायचं? १०३ की १०४?

तेरणाकाठ (१०:२३)
लेकराचं वय काय? वजन? कोणतं औषध, किती? उलट्या किती झाल्या? जुलाब आहेत का?

सुगरण_मावशी (१०:२५)
मुरडशेंग आणि जायफळ सहाणेवर दोन-दोन वळसे उगाळून आईच्या दुधात चाटव गं. माझ्या तिन्ही लेकरांना हेच दिलं, दवाखान्याची पायरी चढले नाही. हिरड्यांना डिकेमाली लाव, दाढा मऊ निघतील.

रानवारा (१०:२८)
ताप हा शत्रू नाही. शरीर जंतूंशी लढतंय म्हणून अंग तापतं. १०२ ला धावत सुटणारे आईबाप आणि त्यांना इंजेक्शन टोचणारे डॉक्टर, यातूनच मुलं कमजोर होतात. शांत रहा, पातळ कपडे घाला, सकाळी बघा.

लातूर_रोड (१०:३०)
फ्रिजमधल्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा कपाळावर आणि काखेत. अर्ध्या तासात उतरतो, अनुभव आहे.

मांजराकाठची (१०:३३)
सगळे वयच विचारायलेत. २० महिने. वजन १० किलोच्या आसपास. ताप किती झाला की जायचं तेवढं सांगा ना.

रात्रपाळी_सिस्टर (१०:३७)
ताई, मी १४ वर्षं लेकरांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तुमच्या प्रश्नाचं आकड्यात उत्तर नाही, म्हणून लोक बाकीचं विचारतात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर १००.४ लाच निघा म्हणाले असते. २० महिन्यांच्या मुलीत काट्यापेक्षा मुलीकडं बघायचं. १०३ ताप असून खेळणारं, पाणी पिणारं लेकरू सकाळपर्यंत थांबू शकतं. १०० ताप असून मलूल पडलेलं थांबू शकत नाही. आता पटापट सांगा: शेवटची शू कधी झाली? पाणी पोटात टिकतंय का? हाक मारली की बघते का? श्वास कसा चाललाय? आणि औषधाच्या बाटलीवर ५ मिलीत किती मिग्रॅ लिहिलंय ते बघून सांगा.

लातूर_रोड, फ्रिजचं पाणी नको. लेकराला हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट चढतो. पुसायचंच असेल तर कोमट पाण्यानं.

लातूर_रोड (१०:४०)
आमच्या पिढीला असंच पुसून मोठं केलंय. कुणाला काही झालं नाही.

बालाघाटची_वाट (१०:४१)
आमच्या पोराला दीड वर्षाचा असताना तापात झटका आला होता. डोळे वर गेले, दातखीळ बसली. घरातले कांदा हुंगवायले, कुणी चप्पल नाकाशी धरली, चुलत्यानं तोंडात चमचा घातला तर हिरडी फाटली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तसंच उचलून पळायचं. थांबला तरी पहिल्यांदा आलाय म्हटल्यावर दाखवायचंच. तुमच्या पोरीला आला नाही ना झटका?

मांजराकाठची (१०:४९)
झटका नाही. ती झोपेतच आहे, हाक मारली की डोळे उघडते आणि परत मिटते. ओकली सहा-सात वेळा. जुलाब सकाळी तीन झाले, दुपारपासून नाहीत. शूचं म्हणाल तर त्या बाबतीत त्रास नाही, दुपारी जेवायच्या वेळी डायपर घातला तो अजून कोरडाच आहे, बदलायची वेळच आली नाही. पाणी खूप मागते. तांब्या दिसला की झडप घालते, घटाघटा पिते आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. पॅरासिटामॉलच्या बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलंय. एक चमचा, म्हणजे झाकणातली ५ ची खूण, दुपारी दोनला आणि रात्री आठला दिली.

रात्रपाळी_सिस्टर (१०:५२)
ताई, सासऱ्यांना उठवा. आत्ता.

डायपर कोरडा आहे हा त्रास नाही असं नाही, तोच खरा त्रास आहे. ती एकला जेवली असेल तर आता दहा तास होत आले, शू नाही. प्यायलेलं टिकत नाही, पाण्यावर झडप घालते, आणि झोपेतून नीट जागी होत नाही. अंगातलं पाणी आटत चाललंय. जुलाब थांबले म्हणून बरं वाटलं असेल, पण उलटीतून ते जातंच आहे.

गाडी येईपर्यंत दोन गोष्टी बघा. पोटावरची कातडी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट होते का घडी राहते? आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा.

औषध परत देऊ नका. १० किलोला एका वेळी १०० ते १५० मिग्रॅ पुरतं, तुम्ही २५० दिलंय. बाजारात १२० ची पण बाटली मिळते आणि २५० ची पण, झाकण सारखंच, त्यामुळं फसगत होते. दोनच वेळा दिलंय, त्यानं घाबरून जाऊ नका, पण बाटली सोबत घ्या आणि तिथं वेळेसकट सांगा.

मांजराकाठची (१०:५९)
कातडी लगेच नाही गेली, घडी राहिली, मग हळूहळू गेली. श्वास ३४. रडली तर डोळ्यात पाणी नाही आलं, हे आत्ता लक्षात आलं. सासरे उठले. शेजारची बोलेरो विचारायलेत.

सुगरण_मावशी (११:००)
टाळू खाली गेलीय का हात फिरवून बघ. आमच्याकडं त्यावरूनच कळायचं.

रात्रपाळी_सिस्टर (११:०२)
मावशी, या वयात बहुतेक लेकरांची टाळू भरून आलेली असते, त्यावरून काही कळणार नाही. ३४ श्वास ठीक आहे. एक ते पाच वर्षांच्या लेकरात ४० किंवा जास्त असते, किंवा बरगडीखाली खड्डा पडत असता, तर छातीची काळजी केली असती. ओआरएस आहे का घरात?

मांजराकाठची (११:०४)
आहे. सासूबाईंनी संध्याकाळी दिलं होतं, लवकर गुण यावा म्हणून वाटीभर पाण्यात पूर्ण पुडी कालवली. तेही ओकली.

रात्रपाळी_सिस्टर (११:०६)
ते ओतून टाका. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच. वाटीत कालवलं की मीठ एवढं होतं की अंगातलं पाणी अजून ओढलं जातं. सासूबाईंना बोलू नका, पुष्कळ घरांत हे होतं. प्रवासात घेतो ती लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ मोजून घ्या. चमच्यानं द्या, एक चमचा, मग दीड-दोन मिनिटं थांबा. ग्लास तोंडाला लावू देऊ नका, कितीही मागितलं तरी. घटाघटा प्यायल्यावर पोट ते उलटवतं. ओकली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू. गाडीत पण देत जा, पण ती जागी असतानाच, झोपेत तोंडात घालू नका. अंगावर पीत असेल तर पाजत रहा.

पाटोद्याचा_वारा (११:०७)
पुडीपेक्षा मेडिकलमधलं तयार डब्यातलं संत्र्याच्या चवीचं द्या, लेकरं आवडीनं पितात.

तेरणाकाठ (११:१०)
दादा, त्यातले बरेच डबे म्हणजे साखरेचं सरबत असतं आणि साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांना ओआरएस हे नाव लावायला बंदी केलीय. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. आशाताईकडं फुकट मिळते, झिंकच्या गोळ्यापण.

रानवारा (११:१२)
एका सिस्टरच्या सांगण्यावरून रात्रीचं लेकरू घेऊन तासभर प्रवास? उलटी म्हणजे शरीर घाण बाहेर टाकतंय. जिऱ्याचं पाणी द्या आणि झोपू द्या.

बालाघाटची_वाट (११:१४)
रानवारा, मघाशी ताप लढतो म्हणालात ते खोटं नाही. पण या लेकराला शू नाही आणि ते जागं होईना. तुम्ही वाचलं का तेवढं?

रानवारा (११:१७)
वाचलं. घाबरवण्याला माझा विरोध आहे, नेण्याला नाही.

औंढ्याचा_भक्त (११:१८)
उलटी-जुलाब बंद व्हायची मोठ्यांची गोळी असते ना, तिचा चौथा भाग द्या निघताना. रस्त्यात त्रास नाही होणार.

रात्रपाळी_सिस्टर (११:१९)
नाही. कुणीही देऊ नका. जुलाब दाबायच्या गोळीनं लहान लेकराचं आतडं थंडावतं, पोट फुगतं, गुंगी येते. अशी लेकरं मी बघितलीत.

कळमनुरीची_आई (११:२०)
माझ्या ४ महिन्यांच्या बाळाला सर्दी आहे, कोणतं कफ सिरप चांगलं? वेगळा धागा काढला होता, कुणी उत्तर दिलं नाही.

रात्रपाळी_सिस्टर (११:२२)
कोणतंच नाही. दोन वर्षांच्या आत खोकल्या-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही. नाकात सलाईनचे थेंब टाका आणि उद्या दाखवून घ्या. बाकीचं तुमच्या धाग्यावर बोलू, इथं नको.

तेरणाकाठ (११:२३)
गाडी नाही मिळाली तर १०८ लावा, पैसे लागत नाहीत.

लातूर_रोड (११:२५)
१०८ आमच्या गावात दीड तासानं आली होती.

बालाघाटची_वाट (११:२६)
आमच्याकडं पंचवीस मिनिटांत आली. फोन तर लावून ठेवा, जे आधी येईल त्यात बसा.

मांजराकाठची (११:३१)
बोलेरो मिळाली. अंबाजोगाईला निघालोय, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. ओआरएस लिटरच्या बाटलीत केलंय. आतापर्यंत चार चमचे दिले, पोटात राहिले.

लातूर_रोड (११:४४)
पाणी कुठलं पिता तुम्ही? मे महिना, टँकरचं असणार. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी जुलाब होते, कारण टाकीत साठवलेलं पाणी आठ-आठ दिवस पुरवायचो. माझी पुतणी तेव्हा तीन दिवस सलाईनवर होती. मघापासून तीच डोळ्यासमोर आहे.

पाटोद्याचा_वारा (११:५१)
तुरटी फिरवायची, पाणी नितळ होतं.

तेरणाकाठ (११:५५)
नितळ होतं, जंतू मरत नाहीत. गढूळपणा तळाला बसतो एवढंच. लेकरासाठी उकळूनच घ्यावं लागतं, किंवा आशाताईकडून क्लोरीनचं औषध आणायचं. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते का तेही सरपंचांना विचारा, आमच्याकडं पावडर संपून महिना झाला तरी कुणाला पत्ता नव्हता.

पाटोद्याचा_वारा (रात्री १२:०२)
आमच्याकडं टँकर आला की उकळायला गॅस कुणाचा पुरणार?

रात्रपाळी_सिस्टर (१:१०)
ताई, पोचलात का?

मांजराकाठची (१:३८)
पोचलो. शिर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा पायाला लागली. सलाईन सुरू झालं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न शूचाच विचारला, मी कोरड्या डायपरची वेळ सांगितली, त्यांनी लिहून घेतली. औषधाची बाटलीपण बघितली. म्हणाले उलटीचं इंजेक्शन देतो, रक्त तपासू, सकाळपर्यंत ठेवू. सासूबाई पायापाशी बसून आहेत, काही बोलेनात. तीच पुडी त्यांनी मायेनं कालवली होती, मला वाईट वाटायलंय.

सुगरण_मावशी (१:४४)
त्यांना चहा पाज कुणाकडून तरी. मी जागीच आहे.

मांजराकाठची (पहाटे ५:५२)
शू केली. माझ्या मांडीवरच, साडी भिजली. डोळे उघडून "बाबा" म्हणाली, फोन दाखवला त्यांचा.

रात्रपाळी_सिस्टर (५:५५)
किती वाजता ते सिस्टरला सांगा, त्या तक्त्यात लिहितील. पुढची कधी होते तेही बघत रहा.

रानवारा (सकाळी ७:३०)
ताई, मी काल थांबा म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही शूचं लिहिलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

मांजराकाठची (दुपारी ३:१५)
दोन शू झाल्या, भाताची पेज चार चमचे खाल्ली, टिकली. ताप आहे अजून, ९९.८. डॉक्टर म्हणाले पोटाचं इन्फेक्शन आहे, ताप दोन-तीन दिवस राहील, त्याला घाबरू नका. घरी सोडल्यावर सहा तास शू झाली नाही, परत सगळं ओकायला लागली, रक्त पडलं किंवा गुंगीत गेली तर फोनबिन न करता सरळ आणायचं. झिंक १४ दिवस, रोज २० मिग्रॅ, बरी वाटली तरी मध्ये सोडायचं नाही. ताप आला तर २५० च्या बाटलीतलं ३ मिली, सहा तासांच्या आत परत नाही. सासऱ्यांनी ते ३ मिली बाटलीवर पेनानं लिहून ठेवलंय.

तेरणाकाठनं वजन विचारलं होतं. मागच्या आठवड्यात अंगणवाडीत १० किलो ४०० भरलं होतं. काल रात्री इथल्या काट्यावर ९ किलो ७५०.