नेटवर्कवरील ब्लॉक स्टोरेज: आयओपीएस शिल्लक असूनही कमिट संथ का?

प्रश्न
क्लाउडवरील व्हर्च्युअल सर्व्हरला ३००० आयओपीएसची (सेकंदाला ३००० वाचन-लेखन विनंत्या झेपणारी) डिस्क जोडली असून तिच्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो. एकाच कनेक्शनवरून लहान नोंदी एकामागून एक कमिट (कायमच्या जतन) केल्या, की वेग सेकंदाला साधारण हजाराच्या पुढे जात नाही आणि सीपीयू जवळजवळ रिकामा राहतो. डिस्क तर एनव्हीएमई (थेट जोडलेली वेगवान एसएसडी) म्हणून दिसते. मग उरलेली क्षमता जाते कुठे?

उत्तर १
एनव्हीएमई हे केवळ सर्व्हरला दिसणारे रूप आहे. डिस्क प्रत्यक्षात सर्व्हरच्या आत नसते. लिहिण्याची प्रत्येक विनंती होस्टवरून (व्हर्च्युअल सर्व्हर ज्यावर चालतो त्या प्रत्यक्ष यंत्रावरून) नेटवर्कमार्गे स्टोरेज क्लस्टरकडे जाते, तेथे सहसा एकाहून अधिक प्रतींमध्ये लिहिली जाते आणि त्यानंतरच पोच परत येते. कमिट एफसिंकसाठी, म्हणजे माहिती डिस्कवर पक्की लिहिली गेल्याच्या पोचेसाठी, थांबत असल्यामुळे ही फेरी एक मिलिसेकंदाची असेल, तर एका कनेक्शनला सेकंदाला हजाराहून अधिक कमिट मिळणे शक्यच नाही. ३००० ही एकाच वेळी अनेक विनंत्या रांगेत असतानाची मर्यादा आहे. एफआयओ या साधनाने डिस्कची चाचणी आयओडेप्थ (एकाच वेळी रांगेत असलेल्या विनंत्यांची संख्या) १ आणि ३२ ठेवून करून पाहा, फरक लगेच दिसेल. अधिक आयओपीएस विकत घेणे येथे निरर्थक आहे. अनेक नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या, म्हणजे त्या सर्वांसाठी एकच कमिट लागेल.

उत्तर २
या विलंबाच्या मोबदल्यात मिळते ते असे, की होस्ट बंद पडला तरी तीच डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडता येते. सेफ या अनेक मशीनवर चालणाऱ्या स्टोरेज प्रणालीमध्ये तर डिस्कची प्रतिमा मुळात ४ एमबीच्या तुकड्यांत विभागून अनेक मशीनवर पसरलेली असते. मात्र एक्सटी४ ही फाइल सिस्टिम असलेली डिस्क दोन सर्व्हरवर एकाच वेळी लिहिण्यासाठी माउंट करू नये. प्रत्येक सर्व्हरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःच्या कॅशवर विसंबून लिहितो, दुसऱ्याने केलेला बदल त्याला कळत नाही, आणि फाइल सिस्टिम बिघडते.

प्रश्नकर्ता
आयओडेप्थ ३२ ठेवताच आकडा ३००० ला टेकला. परंतु प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे कमिट करणे आम्हाला आवश्यक आहे. वॉल (प्रत्येक बदल आधी ज्यात लिहिला जातो तो पोस्टग्रेसचा लॉग) होस्टवरील स्थानिक एनव्हीएमईवर ठेवावा काय?

उत्तर १
ती डिस्क वेगवान असली, तरी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर किंवा होस्ट बिघडल्यास तिच्यावरचा मजकूर सहसा जातो, आणि वॉल गेला तर डेटाबेस सावरता येत नाही. काम अनेक कनेक्शनांवर विभागल्यास पोस्टग्रेस एकाच एफसिंकमध्ये अनेक कमिट उरकू शकतो. सिंक्रोनस कमिट बंद करणे, म्हणजे कमिटने एफसिंकची वाट न पाहणे, हा दुसरा पर्याय. त्यात क्रॅश झाल्यास शेवटचे काही कमिट गमावतात, पण डेटाबेस सुसंगत राहतो. तेवढे गमावणे परवडेल काय, हे तुमच्या नोंदींच्या स्वरूपावर ठरेल.