मदत हवी आहे: अल्जिनेटचे फ्लोटिंग बीड्स बुडतात (तातडीचं)

एमफार्म_उमरखेड:
जठरात तरंगत राहून औषध सोडणारे मणी (बीड्स) करायचे आहेत, पण ते तरंगत नाहीत. सोडियम अल्जिनेट (शेवाळातला, कॅल्शियमनं घट्ट होणारा पदार्थ) २ टक्के, त्यात गॅसवाला पदार्थ, सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब. गोल होतात, छान दिसतात, टाकले की तळाशी. सोमवारी गाईडसरांना दाखवायचे आहेत. 'पेपर वाच' सांगू नका, वाचलेत.

निवृत्त_क्यूसी:
औषध कोणतं? गॅसवाला पदार्थ म्हणजे खायचा सोडा की कॅल्शियम कार्बोनेट? टाकले ते कशात? ओले की वाळवून?

एमफार्म_उमरखेड:
जठरासारख्या ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्येच हो, ३७ डिग्रीला. औषध फॅमोटिडीन, ॲसिडिटीवरचं. बाकी नेहमीसारखंच.

निवृत्त_क्यूसी:
तुमचं 'नेहमीसारखं' मला यवतमाळात बसून कसं कळणार?

संत्राबर्फी:
अल्जिनेटच्या मागं काहून लागले बाप्पा? वरुड-काटोलकडं संत्र्याच्या सालीचे ढीग पडते. त्याचं पेक्टिन काढा, कॅल्शियममध्ये सोडा, मणी तयार. मी घरी काढलं होतं, मस्त जेली झाली.

थेंबेथेंबे:
जेली साखरेनं झाली दादा. सालीचं पेक्टिन बहुतेक हाय मेथॉक्सिल निघतं, त्याला आंबट आणि भरपूर साखर लागते. कॅल्शियमनं धरतं ते लो मेथॉक्सिल, एस्टरचं प्रमाण ५० टक्क्यांखालचं.

संत्राबर्फी:
म्हणजे विदर्भाचं असलं का चालत नाही, समुद्रातलं शेवाळ चालते!

एमफार्म_उमरखेड:
पेक्टिन नकोच, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झालाय. कार्बोनेट आहे, बाथमध्ये (कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात) १० टक्के ॲसेटिक ॲसिडही आहे. ओले असले की वर राहतात, ओव्हनमधून काढले की बुडतात.

निवृत्त_क्यूसी:
मग असं सांगा ना! बाथमधल्या ॲसिडनं गॅस तिथंच तयार होतो, मण्यात पोकळ्या राहतात. वाळताना मणी आकसतो, पोकळ्या मिटतात, घनता वाढते. जठरातला द्रव जेमतेम १.००४ ग्रॅम प्रति घन सेंमी, त्यावर वाळलेला घट्ट मणी कसा राहील? एकतर फ्रीझ ड्राय करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा. नाहीतर बाथमधलं ॲसिड काढा, म्हणजे कार्बोनेट मण्यातच राहील आणि गॅस जठरात होईल.

थेंबेथेंबे:
दुसरा उपाय फॅमोटिडीनला कसा चालणार? ते औषधच जठरातलं ॲसिड कमी करतं. ॲसिड नाही तर गॅस नाही. डिझोल्यूशनच्या (औषध विरघळण्याच्या चाचणीच्या) भांड्यात ९०० मिली ताजं ॲसिड असतं, रुग्णाच्या पोटात नसतं. तेल घाला. सूर्यफुलाच्या तेलाची घनता ०.९२च्या आसपास, ते अल्जिनेटमध्ये घुसळून इमल्शन करा. वाळवलं तरी तेल उडत नाही आणि तरंगायला ॲसिडही लागत नाही.

निवृत्त_क्यूसी:
तेल जास्त झालं की बाहेर पाझरतं, मणी एकमेकांना चिकटतात. शिवाय त्यांना सोमवारी बीकरमध्ये दाखवायचंय, रुग्णाला द्यायचं नाही.

थेंबेथेंबे:
आपल्या एमफार्मचं हेच दुखणं आहे.

कापूसकोंड्या:
आईला जेवल्यावर छातीत जळजळ होते. हे मणी मेडिकलमध्ये भेटतील का? सध्या ओवा देतो.

निवृत्त_क्यूसी:
हे प्रयोगातले आहेत, विकत मिळायचे नाहीत. अल्जिनेट आणि बायकार्बोनेटचं पातळ औषध मात्र मिळतं, जठरात त्याचा जेलसारखा थर होऊन वर तरंगतो. पण वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

एमफार्म_उमरखेड:
ओव्हन ६०ला होता. फ्रीझ ड्रायर इथं नाही, नागपूरला पाठवावं लागेल. दुपारी लाईन जाते ते वेगळंच. आणि हो, अल्जिनेट विरघळवताना गाठी होतात.

थेंबेथेंबे:
पाणी कोणतं?

एमफार्म_उमरखेड:
बोअरचं. डिस्टिलेशन युनिट बंद आहे.

थेंबेथेंबे:
बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. तुमचं अल्जिनेट बाथपर्यंत पोचायच्या आधीच जमायला लागलंय.

तूरडाळ_फ्राय:
बॅटरीत टाकायचं पाणी आणा ना, ऑटो स्पेअरच्या दुकानात भेटते.

निवृत्त_क्यूसी:
आणि थिसिसमध्ये काय लिहायचं, ऑटो स्पेअर ग्रेड?

एमफार्म_उमरखेड:
तेल किती टक्के?

थेंबेथेंबे:
५, १०, १५ असे तीन बॅच करा, ४० डिग्रीला वाळवा. बाथमध्ये ॲसेटिक ॲसिड अजिबात नको. फॅमोटिडीन साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही, ॲसिडमध्ये चांगलं विरघळतं, म्हणजे तुमचं औषध बाथमध्येच वाहून जात असणार. एन्ट्रॅपमेंट, म्हणजे मण्यात टिकलेलं औषध, किती येतंय?

संत्राबर्फी:
तेलच घालायचं तं जवसाचं घाला, आपल्या इकडचं.

निवृत्त_क्यूसी:
जवसाचं तेल लवकर खवट होतं. एन्ट्रॅपमेंटचं त्यांनी अजून सांगितलंच नाही.