बँडची रात्र: वाजवणाऱ्यांनी, जमवणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी अनुभव लिहा

तापीकाठ
काल दिवस मावळल्यावर गार पडलं आणि पलीकडच्या गावातला हळदीचा बँड इथपर्यंत ऐकू आला. डीजे नव्हे, खरा बँड. वर क्लॅरिनेट, मधे ट्रंपेट, तळाला युफोनियम. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्यामानाने गरम राहते, म्हणून आवाज वर न जाता खाली वळतो आणि दोन-दोन कोस चालतो. नदीच्या खोऱ्यात तर फारच. ते ऐकलं आणि खळ्यावरच्या जुन्या बँडच्या रात्री आठवल्या. तीन-चार बँड, शे-दीडशे दर्दी, मधे जेवण, की पुन्हा वाजवणं.

वरातीत बँड चालत असतो, आपण त्याच्या मागे. समोर बसून ऐकला तरच पितळ काय बोलतंय ते कळतं. अशी रात्र कुणी जमवली असेल, त्यात वाजवलं असेल, नुसती ऐकली असेल, त्यांनी लिहा. किस्से नंतर. काय केलं की जमतं आणि कशाने फसतं ते आधी येऊ द्या.

काळीपाच
आधी सुराचं बोला. बी फ्लॅट ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की कानाला येतो बी फ्लॅट, म्हणजे आपली पेटीची काळी पाच. आल्टो सॅक्सवर तोच सी वाजवला तर काळी दोन. गायक पांढरी एकमध्ये गाणार असेल तर ट्रंपेटवाल्याने डीवरून धरायचं, आल्टोवाल्याने एवरून. तीन बँड एकत्र येणार असतील तर हे दुपारीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. अंधारात, गाणं सुरू झाल्यावर ते ठरत नाही.

दुसरं थंडीचं. हवा एक अंश गार झाली की फुंकीच्या वाद्यातला सूर साधारण ३ सेंट उतरतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). फुंकर गरम असते म्हणून पुरता तेवढा उतरत नाही, पण संध्याकाळी २५ अंशांना जुळवलेला बँड रात्री १५ अंशांना खाली गेलेला असतोच. कीबोर्ड मात्र ४४० हर्ट्झवरच उभा. मग सगळे म्हणतात, पोरं बेसूर वाजवताहेत. बेसूर नसतात हो, गारठलेली असतात. उपाय: गाणं सुरू व्हायच्या आधी पाच-दहा मिनिटं आवाज न काढता नळीत नुसती गरम फुंकर. तरी खाली वाटलं तर ट्यूनिंग स्लाइड (नळीचा सरकता तुकडा) आत. ती पूर्ण आत गेली तरी पुरत नसेल तर कीबोर्डचं 'ट्यून' ४३७ किंवा ४३६ वर आणा. 'ट्रान्सपोज'चं बटण दाबू नका, ते एकदम अर्धा स्वर सरकवतं.

रीडवाला
काळीपाच भाऊंनी महत्त्वाचं लिहिलं. क्लॅरिनेटचं मी जोडतो. उघड्यावर, वाऱ्यात, एकच रीड (तोंडाशी बांधायची पातळ पट्टी) घेऊन बसायचं नाही. तीन हव्यात, तिन्ही आधी वाजवून मुरलेल्या. दोन गाण्यांमधे रीड कोरडी पडली की टोकाला लाट येते आणि मग चिरकते. दोन मिनिटं तोंडात धरून ओली करा, पाठ सपाट आहे का बघा, मगच बांधा.

चिरकण्याचं खापर दरवेळी रीडवर फोडू नका. बहुतेकदा गारठलेलं बोट भोक पूर्ण झाकत नाही, नाहीतर पॅड (चावीखालची गादी) गळत असतो. पॅड तपासायला सिगरेटचा पातळ कागद खाली घालून चावी मिटा आणि कागद हळू ओढा. सहज सुटला तर तिथून हवा जाते.

लाकडी क्लॅरिनेट गार असताना एकदम जोरात फुंकला तर वरच्या जोडाला तडा जातो. आतून गरम, बाहेरून थंड, लाकूड ते सहन करत नाही. आधी काखेत धरून कोमट करा. शेकोटीशेजारी तर अजिबात ठेवायचा नाही. उघड्यावर वाजवायला एबोनाइटचा किंवा प्लास्टिकचा बरा.

केळीबाग_रावेर
भरीत आहे का पण

शेकोटी
चामड्याची वाद्यं रीडच्या उलट, त्यांना शेक लागतोच. डफ, हलगी, संबळ. रात्री दव धरलं की चामडं ओल पितं आणि आवाज ढप ढप येतो. तुराट्यांच्या जाळावर शेकू नका, जाळ एकदम उसळतो. गोवऱ्यांचा किंवा लाकडाचा निखारा पाहिजे. डफ हातभर लांब धरून फिरवत राहायचं, मधेमधे टिचकी मारायची. 'टण्ण' आलं की लगेच बाजूला. लोभाने अजून शेकलं तर पहिल्याच जोरकस थापेला कडेला फाटतं. म्हणून डफ दोन हवेत, एक वाजतोय तेव्हा दुसरा निखाऱ्यापाशी. आणि शेकायला एकच माणूस नेमा, सगळ्यांनी हात लावायचा नाही.

ताशाला आणि ढोलाला आता बहुतेक ठिकाणी फायबरचं पान असतं. त्याला शेक देऊ नका, वितळेल. ते चावीनेच ताणायचं, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा. एकाच बाजूने ओढलं तर कडं वाकडं होतं.

भरीतवाली_ताई
@केळीबाग_रावेर, असणारच ना दादा! थंडी, मळा आणि भरीत नाही, असं आपल्याकडे कुठं असतं?

शंभर माणसाला हिरवी-पांढरी भरताची वांगी २५ ते ३० किलो घ्या. भाजून, साल-देठ काढून तीन किलोचं दोन किलोच्या आसपास उरतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजा, गॅसवर ती चव येत नाही. वांगं घेताना हाताला हलकं लागलं पाहिजे, जड म्हणजे बिया. भाजायच्या आधी तेलाचं बोट फिरवून दोन ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं. हिरवी मिरची दीड किलो, लसूण एक किलो, शेंगदाणे दीड किलो, तेल तीन लिटर, कांद्याची पात आणि कोथिंबीर सढळ हाताने. ठेचायचं लाकडी बडगीतच. मिक्सरमधून काढलं की चिकट होतं.

आता बँडशी संबंध असलेली गोष्ट. ट्रंपेटवाल्यांना हे भरीत मधल्या सुट्टीत वाढू नका! ओठाला मिरची लागली आणि वर पितळेचा माउथपीस दाबला की ओठ सुजतो, वरची पट्टी निघत नाही. त्यांना मधे वरण-बट्टी किंवा साधी खिचडी द्या, नंतर चूळ भरायला कोमट पाणी. तेलकट तोंडाने फुंकलं तर ते सगळं नळीत जातं आणि व्हॉल्व्ह चिकटतात. भरीत कार्यक्रम संपल्यावर, आणि तेही त्यांचं वेगळं झाकून ठेवलेलं. नाहीतर ऐकणारेच संपवून टाकतात, बिचारे वाजवणारे राहतात.

काळीपाच
ताई, ओठाचं अगदी खरं. हे आयोजकाच्या ध्यानातच येत नाही. आधी पंगत बसवतात आणि मग म्हणतात वाजवा.

भो_पारोळा
हाई बठ्ठं खरं शे भो. पन कळण्यानी भाकर पाहिजे, पुरी नको

वायरमन
लाइटचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मळ्यात थ्री फेज कधी येईल ते आपल्या हातात नसतं, जनरेटर धरूनच चला. मिक्सर, दोन स्पीकर, कीबोर्ड, एलईडी माळा, सगळं मिळून ३ किलोवॅटच्या आत बसतं. ५ केव्हीएचा सेट म्हणजे ०.८ ने गुणून ४ किलोवॅट. पुरतो. हॅलोजन लावलेत की पुरत नाही, एकेक हजार वॅटचा असतो.

जनरेटर ३० मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिथून येणारी वायर २.५ चौरस मिमी तांब्याची. १० अँपिअरला साडेचार व्होल्ट पडतात. १ चौरस मिमीची घेतली तर अकराच्या वर पडतात, वायर तापते ती वेगळीच. रिळावरची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली राहिली तर आतल्या आत वितळते.

अर्थिंगचा रॉड ओल्या जागी ठोका, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. ओले ओठ, हातात पितळ, समोर माइक. यात कसर करायची नाही.

मळा_नं_७
वायरमन अप्पा, कीबोर्ड लावला की सारखी घूं येते. अर्थची पिन काढली की जाते म्हणतात

वायरमन
जाते, पण माणूसही जाऊ शकतो. पिन काढू नका. घूं येते कारण कीबोर्डचा प्लग एका बोर्डात, मिक्सरचा दुसऱ्यात, आणि दोन अर्थांमधे फेरा होतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. कीबोर्ड ते मिक्सर लांब साधी वायर असेल तर मधे डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरजोगा करणारी छोटी डबी) टाका, त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते सिग्नलचं ग्राउंड तोडतं, विजेचं नाही. त्याला हात लावायला हरकत नाही.

रीडवाला
माइकचा विषय निघालाच आहे तर: क्लॅरिनेट आणि सॅक्सचा माइक खालच्या तोंडाशी लावतात, ते चुकतं. आवाज बोटांच्या भोकांतून निघतो. माइक वाद्याच्या मध्यावर, वीतभर-दीड वीत लांब ठेवा. ट्रंपेटचा मात्र तोंडातूनच निघतो, त्याला दीड फूट लांब आणि जरा तिरपा. खरं तर शंभर-दीडशे माणसांत ट्रंपेटला माइक लागतच नाही. युफोनियमचं तोंड आकाशाकडे, उघड्यावर त्याचा आवाज वरच्या वर जातो. त्याला गोठ्याच्या भिंतीपाशी, पत्र्याच्या छपराखाली बसवा. भराव लगेच जाणवतो.

दोन_बँड_समोरासमोर
सामना लावणार असाल तर अंतराचा विचार करा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो. दोन बँड ३० मीटरवर उभे केले तर एकाची थाप दुसऱ्याला ९० मिलिसेकंद उशिरा पोचते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा मागे. प्रत्येक जण दुसऱ्याला धरायला जातो आणि लय दोन्हीकडून ओढली जाते. दोघांनी मिळून एक गाणं वाजवायचं असेल तर ८-१० मीटरच्या आत आणा आणि ठेका एकाच ढोलावर ठेवा. सवाल-जवाब असेल तर लांब चालतील.

सामना बिघडतो तो आवाजावरून. पहिला जोरात, दुसरा त्याहून, तिसऱ्या फेरीला ट्रंपेटवाल्यांचे ओठ संपलेले. म्हणून एक फेरी नुसत्या क्लॅरिनेटची लावा, ढोल बंद. त्या फेरीत मैफल बसते, माणसं आपोआप पुढे सरकतात. बक्षिसी द्यायची तर गाणं संपल्यावर हातात द्या. वाजवताना टोपीत-खिशात नोटा खोचू नका, श्वास तुटतो.

सातपुडा_पायथा
नंदुरबारकडून लिहितो. पावरी (आमच्याकडचं आदिवासी फुंकवाद्य) बोलावणार असाल तर तिला कीबोर्डबरोबर बसवू नका. दुधी भोपळ्याची आणि शिंगाची ती, तिचे सूर तिचेच. पेटीच्या पट्टीत तिला ओढलं की दोघंही वाईट वाटतात. तिची वेगळी वेळ, माइक नाही, आणि नाचायला १५ मीटरचं तरी मोकळं रिंगण. ऐकणाऱ्यांनी खुर्च्या मागे घ्यायच्या. खुर्चीवर बसून पावरी ऐकायची नसते, रिंगणात उतरायचं असतं. मांदल ढोल असेल तर तोही उघड्यावर, भिंतीजवळ नाही, घुमतो. होळीच्या दिवसांत मात्र कुणी मोकळं मिळणार नाही. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, मग काठी गावची राजवाडी होळी, सगळे तिकडे. आधीच्या पौर्णिमेच्या आत ठरवा.

भो_पारोळा
पावरी रातभर चालाले पाहिजे भो!

नियम_वाचलेला
रात्रभर नाही चालत, भाऊ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. 'माइक नाही, नुसता ताशा आहे' हेही चालत नाही, २०१० च्या दुरुस्तीत वाद्यंही आली. बंद सभागृह वेगळं. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट असते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, आपण ठरवत नाही. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. लाउडस्पीकर असेल तर लेखी परवानगी. पोलीस ठाण्यात अर्ज लवकर द्या आणि सोबत जागेच्या मालकाचं पत्र जोडा.

तापीकाठ यांनीच वर लिहिलंय की गार रात्री आवाज दोन कोस जातो. तिकडेही कुणाचं लेकरू झोपलेलं असतं, कुणी आजारी असतं. स्पीकरचं तोंड गावाकडे नको, नदीकडेही नको, खाली जमिनीकडे कललेलं.

तापीकाठ
पटलं. जानेवारीत सहाला सूर्य मावळतो. पाचला सुरू केलं तरी पाच तास हातात. संबळ आणि डफ आधी, उजेडात. मग पावरी. सातला वाजवणाऱ्यांची खिचडी. साडेसात ते पावणेदहा बँड. दहाला भरीत. म्हणजे ताईंचंही जमलं.

शेकोटी
खळ्यावर पाणी दुपारी तीनलाच शिंपडा. ऐनवेळी शिंपडलं तर चिखल, आणि वायरी त्यात. नाही शिंपडलं तर धूळ ट्रंपेटच्या व्हॉल्व्हमधे. तेलाची बाटली आणि सुती फडकं प्रत्येक बँडजवळ हवं.

केळीबाग_रावेर
कळण्याला ज्वारी-उडीद किती किती

भरीतवाली_ताई
चार किलो ज्वारीला एक किलो उडीद, सालासकट, मीठ दळतानाच. पीठ कोमट पाण्यात मळा, थापताना तुटत नाही.

रीडवाला
वाजवून झालं की लगेच पेटी बंद करू नका. आधी क्लॅरिनेटमधून कापड ओढून घ्या, जोड कोरडे करा. रीड सोडवून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून वाळवा, ओली डबीत कोंडली की बुरशी धरते. ट्रंपेटचं पाणी चावी दाबून काढा, निखाऱ्यात नको, राख उडते.

शेकोटी
आणि गरम निखाऱ्यावर चामडं ठेवून जेवायला जाऊ नका. पंगतीच्या वेळीच डफ फाटतात.