‘नाशिक पश्चिम म्हणजे भाजपचा गड’? आधी 2009 आठवा (2025 मधली ऑनलाइन चर्चा)

पवननगरचा संजय
दोन दिवसांपूर्वी इथे एकाने लिहिलं, ‘नाशिक पश्चिम आता भाजपचा अभेद्य गड आहे, 2029 ला विरोधकांनी उमेदवार देऊन पैसे वाया घालवू नयेत.’ वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सिडको-सातपूरचा हा मतदारसंघच मुळी 2008 च्या पुनर्रचनेतला. आजवर विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. पहिली, 2009 ची, मनसेच्या नितीन भोसलेंनी जिंकली. नुसती पश्चिमच नाही, मध्यमधून वसंत गिते आणि पूर्वमधून उत्तमराव ढिकले, शहराच्या तिन्ही जागा मनसेच्या इंजिनाला. पाच वर्षांनी त्याच तिन्ही जागा कमळाला. आणि त्याच्या आधीच्या ‘नाशिक’ मतदारसंघाने 2004 ला काँग्रेसच्या शोभा बच्छावांना निवडून दिलं होतं. दहा वर्षांत तीन पक्ष बघितलेल्या शहरात गड कुठून आला?

माझे वडील सटाण्याकडून येऊन सातपूरच्या कंपनीत लागले. सिडकोतलं घर हप्त्याने घेतलं. आयुष्यभर पंजा. 2009 ला मतदान करून आले, पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणाले, ‘यावेळी इंजिन दाबलं.’ त्यांच्या शिफ्टमधल्या निम्म्या लोकांनी तेच केलं होतं. या माणसांना कोणी गृहीत धरलं की माझं डोकं फिरतं.

कॉलेजरोडवाला
संजयभाऊ, वडिलांचा किस्सा चांगला आहे, पण किश्शाने मतमोजणी बदलत नाही. 2014, 2019, 2024, तीनदा सीमा हिरे. 2024 ला मताधिक्य साठ हजारांच्या वर. समोर उद्धव ठाकरेंच्या सेनेचे सुधाकर बडगुजर होते, तिसरे मनसेचे दिनकर पाटील. दोघांची मतं एकत्र केली तरी हिरे पुढेच राहतात. याला गड म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? 2009 ही राज ठाकरेंची लाट होती. लाट ओसरली, खडक राहिला.

श्रमिकनगर
खडक 2019 ला कुठे होता? तेव्हा हिरे विरुद्ध हिरे होतं. राष्ट्रवादीचे अपूर्व हिरे दहा हजारांच्या आतल्या फरकाने पडले. माकपचे डॉ. डी. एल. कराड वेगळे लढले, त्यांची मतं त्या फरकाहून जास्त. मनसे वेगळी. शिवसेनेचे विलास शिंदे युती असूनही बंडखोर. एवढी फाटाफूट झाली म्हणून जागा वाचली. 2014 ला तर भाजप आणि सेनाच एकमेकांसमोर होते, तेव्हाही दुसऱ्या क्रमांकावर सेनेचे बडगुजरच.

आणि कोणी कामगारांबद्दल बोलणार आहे का? सातपूर-अंबडमध्ये आता कायम कामगार किती उरलेत? मी सतरा वर्षं एका कारखान्यात ठेकेदाराच्या पटावर आहे. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा ब्रेक, परत नवीन गेटपास. पूर्वी गेटवर युनियनची सभा झाली की तिथेच कळायचं कुठलं बटण दाबायचं. आज माझ्या लाइनवरच्या पोरांना युनियनचं कार्ड माहीत नाही. डावी मतं कुठे गेली म्हणाल तर, त्या गेटपासात गेली.

सुनंदा, उत्तमनगर
दादा, तुमचं दुःख मी समजते, माझे मिस्टरही ठेकेदारीतच होते. पण 2024 बद्दल बोलताना तुम्ही तिघंही लाडकी बहीण विसरलात. आमच्या भिशीत बारा जणी. नऊ जणींच्या खात्यात पंधराशे येत होते. त्यातल्या दोघींनी लोकसभेला मशालीला मत दिलं होतं, विधानसभेला कमळाला. कोणी त्यांना विकत घेतलं म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून कधी पैसे आले नाहीत, तिने त्याची आठवण ठेवली यात लाज कसली?

पवननगरचा संजय
ताई, हेच तर मी म्हणतोय! सहा महिन्यांत चिन्ह बदललं. लोकसभेला ठाकरेंच्या सेनेचे राजाभाऊ वाजे 1 लाख 62 हजारांनी जिंकले, दोन वेळचे खासदार हेमंत गोडसे पडले.

कॉलेजरोडवाला
वाजेंचं मताधिक्य सिन्नरने दिलं. ते सिन्नरचे माजी आमदार, घरचा माणूस म्हणून तालुक्याने एकगठ्ठा मतं टाकली. ते आकडे सिडकोच्या खात्यात लिहू नका.

पवननगरचा संजय
मान्य. सिन्नरचा मुद्दा बरोबर आहे, मी तो सोडून लिहायला नको होतं.

इंजिन अजून चालू
तुम्ही सगळे मनसेला ‘लाट’ म्हणून मोकळे होताय. 2012 ला महापालिकेत 122 पैकी 40 जागा, महापौर आमचा. टाटांच्या मदतीने पांडवलेणीच्या पायथ्याशी वनोद्यान उभं केलं, गोदापार्कचं काम केलं, उद्योगांचा पैसा शहरात आणला. त्याचं फळ काय? 2017 ला पाच जागा. नाशिककरांनी राजसाहेबांना दगा दिला, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

सुनंदा, उत्तमनगर
दगा? भाऊ, शब्द जपून वापरा. आम्ही इंजिनाला मत दिलं ते पाणी, गटार, रस्त्यासाठी. वनोद्यान पाहायला मीही मुलांना नेलं, छान होतं. पण त्या पाच वर्षांत आमच्या गल्लीत नगरसेवक किती वेळा दिसले ते मला विचारा.

इंजिन अजून चालू
कारण ते पळाले! पक्षाने मोठं केलेली माणसं एकेक करून गेली. गिते भाजपमध्ये गेले, मग परत सेनेत. ढिकलेसाहेबांचे चिरंजीव राहुल 2019 ला भाजपचे आमदार. मी स्वतः 2009 ला रात्री दोनपर्यंत त्रिमूर्ती चौकात पोस्टर चिकटवले, खळीच्या बादलीत हात घालून. ज्याच्यासाठी चिकटवले त्यांनी सोडताना एक फोन केला नाही.

श्रमिकनगर
आणि 2012 ला तुमचा महापौर कोणाच्या पाठिंब्यावर बसला? भाजपच्या. 2014 ला दुसरा महापौर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. मतदाराने निष्ठा कोणावर ठेवायची होती?

इंजिन अजून चालू
तुम्हाला सत्ता चालवायचा अनुभव नाही म्हणून बोलता. चाळीस जागांवर महापौर बसवून दाखवा.

श्रमिकनगर
सत्तेचा अनुभव नाही, बरोबर. आम्हाला सत्तेचे परिणाम भोगायचा अनुभव आहे.

पवननगरचा संजय
थांबा दोघेही, पण हा विषय बाहेरचा नाही. आमच्या बूथबाहेर चिठ्ठ्यांचं टेबल लागतं. चिठ्ठ्या काढून देणारा मुलगा तोच. 2009 ला त्याच्या गळ्यात इंजिनाची पट्टी, 2017 ला कमळाची. अंगठा ओला करून यादीचं पान उलटायची पद्धत तीच, आईचं नाव न विचारता काढून देतो तेही तेच. लोक पक्ष ओळखतात त्याहून जास्त त्या मुलाला ओळखतात. तो जिकडे गेला तिकडे अर्धी गल्ली गेली. 2017 ला भाजपला 66 जागा मिळाल्या त्यात असे किती जण होते ते मोजा. म्हणून मी गड म्हणत नाही. माणसं उचलून आणलीत, तीच उद्या दुसरा उचलेल.

कॉलेजरोडवाला
हे तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात पटलेलं वाक्य. पण मग उलटं बघा. 2017 ला तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीसांनी नाशिक दत्तक घेतलं म्हटलं, 2018 ला तुकाराम मुंढे आयुक्त आले, करवाढ केली, भाजपच्याच नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास आणायची तयारी केली, नोव्हेंबरात बदली झाली. शहरभर नाराजी होती. तरी 2019 ला तिन्ही जागा भाजपकडेच राहिल्या. नुसत्या उचललेल्या माणसांवर हे होत नाही. इथे स्वतःचा असा मतदार तयार झालाय, तुम्हाला आवडो न आवडो.

सुनंदा, उत्तमनगर
मुंढेंनी करवाढ केली ते मला नाही पटलं, पण ऑफिसात माणसं वेळेवर बसायला लागली होती. त्यांना नगरसेवकांनी घालवलं आणि 2022 च्या मार्चपासून आता 2025 पर्यंत नगरसेवकच नाहीत. नळाला पाणी आलं नाही की कोणाला फोन करायचा हा प्रश्न तीन वर्षं झाली उभा आहे.

पवननगरचा संजय
कॉलेजरोडवाले, तयार मतदार आहे हे मान्य करतो. मनाविरुद्ध, पण करतो. किती आहे यावर भांडण राहील.

आता पुढचं. जून 2025 मध्ये बडगुजरांना ठाकरेंच्या सेनेने काढलं आणि काही दिवसांत ते भाजपमध्ये. हिरेंनी उघड विरोध केला होता. ज्यांनी दोनदा एकमेकांविरुद्ध प्रचार केला ते एका छताखाली. 2029 ला तिकीट एकच. दुसरा घरी बसेल असं या शहराचा इतिहास सांगत नाही.

श्रमिकनगर
आणि 2029 ला ‘पश्चिम’ याच हद्दीत राहील हे कोणी सांगितलं? साडेचार लाखांहून जास्त मतदार झालेत. जनगणना 2027 ला, त्यानंतर पुनर्रचना, महिला आरक्षणही त्यालाच जोडलेलं. सिडको एकीकडे आणि सातपूर दुसरीकडे गेलं तर तुमचं दोघांचंही गणित कोलमडेल. कामगारांचा मतदारसंघ वेगळा झाला तर मी पुन्हा गेटवर पत्रकं वाटेन, ठेकेदाराने काढलं तरी चालेल.

कॉलेजरोडवाला
तेव्हाचं तेव्हा. आधी महापालिका. सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हटलं होतं. सिडको-सातपूरच्या प्रभागांत भाजप निम्म्याच्या खाली आली तर मी इथे येऊन ‘गड’ शब्द मागे घेईन.

पवननगरचा संजय
आणि निम्म्याच्या वर गेली तर मी 2009 चं नाव काढणार नाही. फक्त निवडून आलेल्यांची यादी लावताना शेजारी लिहू, 2012 ला त्यांचं चिन्ह कोणतं होतं.

सुनंदा, उत्तमनगर
ती यादी मी करते. आमच्या प्रभागाची तर तोंडपाठ आहे.