मदत हवी आहे : एस्टीममध्ये रोल केज बसवायचाय, पण मागची सीट काढायची नाहीये

मंडळी, विभाग चुकला असेल तर धागा हलवा.

गाडी आहे २००४ ची मारुती एस्टीम. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. २०१९ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आणि परत २०२४ ला, अशी दोनदा आरसी रिन्यू करून घेतलीय. १३०० सीसी, ८५ बीएचपी, आजच्या हिशेबात काहीच नाही, पण गाडी हलकी असल्याने पळते मस्त. रोज नाशिकच्या सातपूरला ऑफिसला हीच, आणि शनिवारी आईला मारुतीच्या देवळात न्यायलाही हीच.

गेल्या वर्षी दोन ऑटोक्रॉस (मातीच्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) केल्या. दुसऱ्या वेळी माझ्या आधी सुटलेला गडी मातीच्या वळणावर असा काही आडवा गेला की गाडी कुशीवर पडून अर्धी छतावर. त्याला काही झालं नाही, आतून हसत बाहेर आला. पण उजवीकडचा खांब आत दबलेला मी जवळून पाहिला. चार बोटं तरी आत आला होता. तेव्हापासून डोक्यात रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवतात तो नळ्यांचा पिंजरा, घुसलाय.

अट एकच. गाडी आतून अशीच राहिली पाहिजे. छताचं कापड, दाराचे पॅड, डॅशबोर्ड, मागची सीट, सगळं. आईचे गुडघे दुखतात, तिला चढता-उतरता आलं पाहिजे.

अंबडमधल्या एका फॅब्रिकेटरकडे जाऊन आलो. म्हणाला, दीड इंची पाइप, चार खांब, दोन दिवसांत करून देतो. पाइप कुठला विचारलं तर म्हणे, ‘ग्रिलला वापरतो तोच, हेवीवाला.’ इथे मी थोडा गारठलो. म्हणून विचारतोय : पाइप कुठला घ्यावा, बोल्टचा केज चालतो का वेल्डच करावा लागतो, आणि इंटिरिअर ठेवून हे जमतं का? कोणी केलंय का?

स्पॅनर_तेरा :
त्या ग्रिलवाल्याला लांबूनच नमस्कार करा. रॅलीच्या गाडीला लागते सीडीएस, म्हणजे कोल्ड ड्रॉन सीमलेस, थंड ओढून काढलेली बिनशिवणीची नळी. एफआयएच्या (मोटर स्पोर्टची जागतिक संघटना) नियमात पुढच्या सीटांच्या मागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी (किंवा ५० बाय २), बाकीच्या दांड्यांना ३८ बाय २.५ (किंवा ४० बाय २). ग्रिलची नळी पट्टी वाकवून शिवणीवर वेल्ड केलेली असते आणि बहुतेकदा पातळ असते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेली नळी, तर नकोच, वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो आणि सांधाही धड होत नाही.

दुसरं म्हणजे बाक. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी पाहिजे आणि वळणावर नळी चपटी होता कामा नये. कॅलिपर लावून बघायचं : लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली गेला की ती नळी भंगारात. साध्या प्रेसवर वाकवलेल्या नळीची आतली बाजू चुरगळते, पडदा गोळा होतो ना, तशी. तसला केज पहिल्या पलटीला तिथेच घडी घालतो.

बोल्टचा चालतो. पाय जिथे टेकतो तिथे किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट बॉडीला वेल्ड करून घ्यायची, त्यावर पायाची प्लेट, आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम८, ८.८ ग्रेडचे बोल्ट. नुसत्या पत्र्यावर पाय उभा केला तर उलटल्यावर तो पत्रा फाडून खाली जातो. सुईसारखा. भोकं पाडण्याआधी खाली वाकून बघा, ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप फ्लोअरखालूनच जातात. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, कार्पेट आणि सीटा बाहेर. आणि जळालेल्या रंगावर त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर नाशिकच्या एकाच पावसाळ्यात तिथून गंज सुरू.

गोदाकाठ (धागाकर्ता) :
धन्यवाद स्पॅनरशेठ, डोळे उघडले. वजन किती वाढेल?

स्पॅनर_तेरा :
४५ ची नळी मीटरला साधारण २.६ किलो, ३८ ची २.२ किलो. नुसती मागची अर्धी चौकट, म्हणजे मुख्य कमान, एक तिरपा दांडा आणि मागे जाणारे दोन पाय, धरलं तर प्लेटांसकट वीसेक किलो. पूर्ण केज चाळिशीच्या आसपास. पुढच्या सीटवर एक शाळकरी मुलगा कायमचा बसलाय असं समजा.

आडगावकर :
आता इंटिरिअरचं. मी माझ्या जुन्या बलेनोत अर्धी चौकट केली होती, त्यामुळे रडगाणं मनापासून गातो.

छताचं कापड राहतं, पण कमान छताला चिकटून न्यायची तर कडेच्या पट्ट्या कापाव्या लागतात. बी-पिलरचं (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) प्लास्टिक कापावं लागतं, आणि त्याच खांबात पुढच्या सीटबेल्टचं रीळ असतं, ते अडलं की पट्टा अर्ध्यावर लटकतो. कार्पेटला अधिकच्या चिन्हासारखे काप दिले की ते पायाभोवती बसतं, हे सोपं. मागचे दोन पाय सीटच्या पाठीतून चाकाच्या कमानीवर जातात, म्हणजे सीटच्या पाठीला दोन खाचा. शिंप्याकडून शिवून घेतल्या, दिसायला झकास! पण मग त्या सीटवर बसणाऱ्याच्या कानाजवळ लोखंड. पुढची सीटही मागे सरकेना, माझी उंची पाच फूट अकरा, सहा महिने गुडघे स्टेअरिंगला लावून चालवली. दाराचे आडवे दांडे मी टाकलेच नाहीत. ते टाकले असते तर आमच्या मातोश्री गाडीत नाही, माझ्यावर बसल्या असत्या.

पाचवा_गिअर :
सगळे पाइप-बोल्ट मोजताय, डोकं कोणी मोजत नाहीये. रॅलीत माणूस हेल्मेट घालून, अंगाला घट्ट धरणाऱ्या बकेट सीटमध्ये, हार्नेसने (दोन्ही खांद्यांवरून येणारे रेसिंगचे पट्टे) बांधलेला असतो. म्हणून दांडा डोक्यापासून वीतभर असला तरी चालतं. ऑफिसला जाताना तुम्ही साध्या पट्ट्यात आणि उघड्या डोक्याने असता. साध्या धडकेतही शरीर पुढे जातं, कडेला झुकतं, आणि जिथे आधी कापड-पत्रा होता तिथे आता २.५ मिमी जाडीचं पोलाद आहे. जी धडक टेंगळावर निभावली असती ती कवटीवर जाते.

पॅडिंग लावतो म्हणाल. एसीच्या पाइपावरचा काळा फोम लावू नका प्लीज. अंगठ्याने दाबून बघा, अंगठा थेट नळीला लागतो. केजचं खरं पॅडिंग हाताला जवळजवळ लाकडासारखं लागतं आणि हेल्मेट डोक्यावर आहे असं धरूनच बनवलेलं असतं.

रोजच्या गाडीत हार्नेस लावायचाही मोह टाळा. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना आडव्या रेषेपासून फार तर ४५ अंश खाली उतरावेत, शक्यतो १० च्या आतच. मागच्या फ्लोअरला ठोकलेला हार्नेस धडकेत मणका खाली दाबतो.

काळा_कोट :
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : कंपनीने जशी दिली त्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची पुढची रिन्यूअल २०२९ ला, तेव्हा इन्स्पेक्टरला कमान दिसणारच. विमा कंपनीला न सांगता केलंत तर क्लेमच्या वेळी त्यांच्या हाती आयतं कोलीत.

गोदाकाठ :
सगळ्यांचं वाचून रविवारी एक उद्योग केला. वायरिंगवाल्याची पांढरी पीव्हीसी कंड्युट आणली, गरम पाणी ओतून कमानीसारखी वाकवली आणि त्यावर जुन्या योगा मॅटचा तुकडा गुंडाळून नळी ४५ च्या जाडीची केली. गाडीत टेपने चिकटवली, मागे दोन पाय, मधे तिरपा दांडा. मग आईला म्हटलं, बस.

ती बसली, टेकली, आणि डावीकडे पर्स घ्यायला वळली तर कानशील थेट दांड्यावर. योगा मॅट होती म्हणून नुसतं ‘अगं आई गं’ झालं. मग दांड्याकडे बघून म्हणाली, ‘हे छत्री अडकवायला केलंयस का?’

मी स्वतः मागे बसून बघितलं. पुढून कचकन ब्रेक लागल्यासारखा वाकलो आणि मागे आलो, डोक्याची मागची बाजू बरोबर त्या तिरप्या दांड्यावर. तीनदा केलं, तीनदा तिथेच.

तर एस्टीमला हात लावत नाही. नवे सीटबेल्ट आणि चांगले टायर घालतो आणि यंदा टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली करतो. त्यात वेळ आणि सरासरी वेग पाळायचा असतो, भन्नाट पळवायचं नसतं, गाडी आहे तशी चालते. आई नॅव्हिगेटर म्हणून येते म्हणतेय, तिला पंचवटीतला रस्ताही आठवत नाही ही गोष्ट वेगळी.

ऑटोक्रॉससाठी वेगळी गाडी बघतोय. कोणाकडे केज लावलेली जुनी रॅलीची एस्टीम किंवा जिप्सी पडून असेल, इंजिन गेलेलं असलं तरी चालेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाशिक-पुणे पट्ट्यात असेल तर टेम्पोत घालून घेऊन येतो. नळीवर कॅलिपर लावून बघणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आडगावकर :
एक आहे, सिन्नरजवळ शेडमध्ये. कोंबड्या अंडी घालतात आत. व्यनि केलाय.