झोपाळ्याचं सूत्र सहापटीने चुकतंय, कुठे गंडलंय?

भुसारवाली
मी बी.कॉम. मार्केट यार्डात एका भुसाराच्या गाळ्यावर हिशेब लिहिते. फिजिक्सशी संबंध दहावीलाच संपला. आता लेक अकरावी सायन्सला आहे आणि सुरुवातीलाच आम्ही दोघी अडकलोय.

क्लासमध्ये सांगितलं की डायमेन्शन, म्हणजे मिती, जुळवल्या की सूत्र हाती येतं. लेकीने घरच्या झोपाळ्यावर करून पाहिलं. एका झोक्याचा वेळ कशावर ठरेल? वस्तुमान, लांबी आणि स्मॉल जी (गुरुत्वाकर्षणामुळे येणारा प्रवेग). जी म्हणजे लांबी भागिले काळाचा वर्ग. वस्तुमान खोडायला समोर कुणीच नाही, म्हणून ते बाद. उरलं लांबी भागिले जी, त्याचं वर्गमूळ. इथवर मलाही कळलं, खतावणी जुळल्यासारखं.

झोपाळा साडेसहा फूट, म्हणजे 1.98 मीटर. भागिले जी, म्हणजे 9.78. वर्गमूळ 0.45 सेकंद. अहो, एवढ्यात तो जाऊन परत येईल? मोबाईल लावून दहा झोके मोजले, 28 सेकंद! शिवाय लेक बसली की साडेसव्वीसच. मग वस्तुमान बाद कसं?

आणि एक. कॅपिटल जी (न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमातला) हा म्हणे ‘स्थिरांक’, पण त्याला एकक आहे. पायला (π, 3.14) कुठे असतं?

शनिवारपेठी
मिती जुळल्या नाहीत तर सूत्र नक्की चूक. जुळल्या तर बरोबर असेलच असं नाही. खऱ्या सूत्रात पुढे ‘दोन पाय’ आहेत (झोपाळ्याला दोन पाय, हसू नका). 6.28 गुणिले 0.45 म्हणजे 2.83. तुमचे दहा झोके 28 सेकंदांत. अजून काय हवं?

प्रॅक्टिकलवाले काका
वरचं उत्तर बरोबर आहे, पण ताईंचा शेवटचा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

स्थिरांक दोन जातींचे. पाय म्हणजे परीघ भागिले व्यास, लांबीला लांबीने भागलं, एकक उडालं. असा नुसता आकडा मितींच्या जाळ्यात सापडतच नाही, म्हणून लेकीच्या सूत्रातून ‘दोन पाय’ निसटले. झोक्याचा कोनही तसलाच. झोका मोठा घेतलात तर वेळ थोडा वाढतो, आणि मिती त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

दुसरी जात तुमच्या गाळ्यावरची आहे: भाव. ज्वारी 42 रुपये किलो. किलोचे रुपये करायचे तर मधे ‘रुपये दर किलो’ लागतंच. कॅपिटल जी हेच करतो. दोन वस्तूंमधली ओढ काढताना एकीकडे किलो गुणिले किलो भागिले मीटरचा वर्ग, दुसरीकडे न्यूटन, म्हणजे बलाचं एकक. दोन्ही बाजू जुळवायच्या तर त्याला न्यूटन मीटर वर्ग दर किलो वर्ग हे एकक घ्यावंच लागतं.

भाव फारच पडलेला आहे म्हणा. एकेक किलोचे दोन गोळे मीटरभर अंतरावर ठेवले, तर ओढ किती? दशांशचिन्हानंतर दहा शून्यं आणि मग 667, इतके न्यूटन. कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने 1798 मध्ये शिशाचे गोळे टांगून ही ओढ पकडली. तो पृथ्वीची घनता काढत होता, कॅपिटल जी त्यातून नंतर निघाला.

स्मॉल जी मात्र खरा स्थिरांक नव्हेच. पुण्यात 9.78, ध्रुवावर 9.83, चंद्रावर 1.62.

आता लेकीचा दीड सेकंद. झोपाळा दोन कड्यांना टांगलाय का? तसं असेल तर लांबी कडीपासून गुरुत्वमध्यापर्यंत धरायची. बसलेल्या माणसाचा तो पाटाच्या वीतभर वर असतो. वजन वाढलं म्हणून नाही, लांबी घटली म्हणून वेळ घटला. चार कड्या असत्या तर पाट कलला नसता आणि हा फरक दिसला नसता.

भुसारवाली
दोनच कड्या आहेत! भावाचं एकदम पटलं. 4200 रुपये क्विंटल लिहा नाहीतर 42 रुपये किलो, आकडा बदलला तरी भाव तोच. कॅपिटल जीचंही तसंच ना, एकक बदललं की आकडा बदलणार?

मग रद्दीवाल्याच्या ताणकाट्याचं काय? स्प्रिंग तर बलाने ताणते, आणि त्यावर लिहिलंय किलो.

प्रॅक्टिकलवाले काका
हो, कॅपिटल जीचंही तसंच. आणि काटा बरोब्बर पकडलात. तो बल मोजतो आणि 9.8 च्या आसपासचा जी आधीच धरून किलो दाखवतो. चंद्रावर तुमची सहा किलो रद्दी एक किलो भरेल. मंडईतला दोन पारड्यांचा तराजू तिथेही सहाच दाखवेल, कारण मापाचं वजनही तितकंच घटतं.

भुसारवाली
लेक आत्ता पाटावर आडवी झाली होती. 27.6 आले, म्हणजे बसण्यापेक्षा जास्त. आता उभं राहून मोजायचं म्हणतेय. तेवढ्याला मी बंदी घातलीय.